काकांच्या उजव्या कानातला मी

मी एक जुना बिनतारी हेडसेट आहे. अंगठ्याच्या पेराएवढा माझा जीव. केस कापायच्या एका दुकानात, आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्यापाशी एका बशीत माझा मुक्काम असतो. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "हे कुणाचं बटण तुटून पडलंय?" मित्रांनो, मी बटण नाही. आमच्यामुळे माणसं रस्त्यात एकटीच हातवारे करतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत, समोरच्याचं ऐकेनाशी झाली आहेत, असा आमच्या सगळ्या खानदानावर आरोप आहे. इतरांचं मला माहीत नाही. माझ्यापुरता हा आरोप मी साफ नाकारतो, आणि का नाकारतो ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने चिमट्याने माझी आतडी जागच्या जागी बसवली आणि दुसरीने मला कानात घालून पाहिलं. मी नीट बोललो तेव्हा तिने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या काचेच्या कपाटात मला मोठमोठ्या हेडफोनच्या शेजारी बसवलं. डोक्यावरून पट्टा जाणारे ते धिप्पाड गडी मला बघून फिदीफिदी हसायचे. मी म्हटलं, हसा बापड्यांनो. तुम्हाला अख्खं डोकं लागतं, माझं एका कानावर भागतं.

तिथून मला एका मुलीने घेतलं. ती दूरच्या गावी रुग्णालयात नोकरीला होती. तिचे वडील केस कापायचे. दुकानात दोन खुर्च्या, एक त्यांची आणि दुसरी त्यांच्या पुतण्याची; दुकानाचा कारभार आता पुतण्याच पाहायचा. पुतण्या त्यांना काका म्हणायचा, म्हणून सगळं गिऱ्हाईकही काकाच म्हणायचं. काकांचे हात दिवसभर साबणाने नाहीतर केसांनी भरलेले, त्यामुळे लेकीचा फोन वाजून वाजून थांबायचा. मी आलो आणि ती अडचण मिटली. काका जमिनीवरचे केस झाडत, कंगवे धूत लेकीशी बोलायचे. "जेवलीस का?" हा प्रश्न तर मी इतक्या वेळा पोचवला की तो मला पाठ झाला. फार सुखाचे दिवस होते ते.

मग माझ्या जाळीत एक बारीकसा केस अडकला आणि मी घोगरा बोलू लागलो. काकांनी मला खणात टाकलं. दात पडलेले कंगवे आणि बोथट कात्र्या यांच्या संगतीत मी कितीतरी दिवस रुसून पडलो होतो. अडकला तो तुमच्याच दुकानातला केस, आणि शिक्षा मला. हा कुठला न्याय?

मी खणात असताना बाहेर एक भानगड झाली. काकांना कमी ऐकू यायला लागलं होतं, पण ते कबूल करणारा माणूस त्यांच्यात नव्हता. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी ते "हो, हो" म्हणायचे. एक गृहस्थ दाढी करायला बसले आणि म्हणाले, "मिशीला तेवढा हात लावू नका." त्यांनी ती मिशी वर्षानुवर्षं पोसली होती. काका म्हणाले, "हो, हो," आणि दोन फटकाऱ्यांत मिशी उडवली. ते गृहस्थ ओठांवर हात धरून बाहेर पडले ते पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नाहीत. खणात सगळे कंगवे हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

सुट्टीला आलेल्या लेकीने हे ऐकलं. "बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"माझ्या कानाला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात."

ती वाद घालत बसली नाही. तिने मला खणातून काढलं, सुईच्या टोकाने तो केस ओढला, आणि काकांच्या फोनमध्ये काहीतरी चालू केलं. "फोन गिऱ्हाईकाच्या समोर उभा ठेवायचा आणि हे कानात घालायचं. फोन ऐकेल आणि हे तुम्हाला सांगेल. बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. "बाजूने कमी करा", "पाणी गार आहे हो", "भांग डावीकडे" असं सगळं मी जसंच्या तसं आत पोचवत होतो. काकांचं "हो, हो" बंद झालं. ते पुन्हा गिऱ्हाईकाच्या विनोदाला योग्य जागी हसू लागले. मित्रांनो, माणूस योग्य जागी हसतो तेव्हा त्याचा चेहरा किती मोकळा होतो, ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.

पण लोकांना दिसलं ते एवढंच की काकांच्या कानात काहीतरी आहे. काका सारखे फोनवर असतात, अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज ऐकवणाराही मीच. काकांना ते चालत होतं. लोकांनी आगाऊ म्हटलं तरी बेहत्तर, बहिरा म्हणायला नको, असा त्यांचा हट्ट. मला तो पटत नव्हता. बोल सगळे माझ्या डोक्यावर, आणि मी तर दिवसभर राबत होतो.

एका सकाळी काका फोन गल्ल्याजवळ विसरून, दाढीचे ब्रश धुवायला मागच्या मोरीवर गेले. मी कानातच होतो. एवढ्यात एक नेहमीचे गिऱ्हाईक आले. त्यांना कायम कुठेतरी पोचायचं असायचं, म्हणून दुकानात त्यांचं नाव घाईवाले पडलं होतं. ते पुतण्याला म्हणाले, "तुझ्या काकांकडे मला बसवू नको बाबा. गळ्यावर वस्तरा आणि कानात गप्पा. जीव मुठीत धरून बसावं लागतं."

पुतण्या हळूच म्हणाला, "या महिन्यानंतर ते नसतील. त्यांच्या खुर्चीवर नवा कारागीर घेतोय. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, म्हणून सांगायला जीभ रेटत नाही."

हे शब्द आत जाऊ नयेत असं मला फार वाटलं. पण निवडून ऐकवणं मला येत नाही. मी सगळं पोचवलं. काकांच्या हातातला ब्रश नळाखाली तसाच राहिला आणि पाणी वाहत राहिलं. त्यांची खुर्ची जाणार होती. ती गेली असती तर ते घरी बसून कुणाचे केस कापणार होते?

त्यांनी नळ बंद केला, ओला ब्रश घेऊन ते बाहेर आले. बाकावर आणखी दोघे-तिघे बसले होते.

"मी फोनवर कुणाशी बोलत नसतो," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. बरंच कमी. हे कानात असतं म्हणून तुमचं बोलणं कळतं."

काका घाईवाल्यांकडे वळले. "मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, कानामागे फोड आहे, जपून. जपून केलं की नाही?"

"केलं," घाईवाले म्हणाले.

"ते मला ह्यानेच सांगितलं." काकांनी माझ्यावर बोट ठेवलं. "हात माझे अजून शाबूत आहेत. ज्याला पटेल त्याने इथे बसावं, नाही पटलं तर तिकडे बसावं. पण मी खुर्ची सोडणार नाही."

त्यांनी फोन आरशाला टेकवून उभा केला, कापड झटकलं आणि ते हातावर टाकून उभे राहिले. घाईवाले खाली मान घालून पुतण्याच्या खुर्चीत जाऊन बसले. बाकावरच्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. काका उभेच होते. मी त्यांच्या कानात होतो, म्हणून सांगतो, त्यांची कानशिलं तापली होती. मला त्या सगळ्यांचा असा राग आला की मला स्वतःचं काही बोलता आलं असतं तर मी तिथेच एकेकाची हजेरी घेतली असती.

पुतण्याने घाईवाल्यांच्या गळ्यात कापड बांधलं, कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मला घाई आहे," घाईवाले म्हणाले.

"थांबा जरा," पुतण्या म्हणाला, आणि येऊन काकांच्या खुर्चीत बसला.

काकांनी त्याला कापड गुंडाळलं, डोक्यावर पाण्याचा फवारा मारला आणि नेहमीच्या सवयीने त्याची मान दोन बोटांनी खाली दाबली. तशा खाली घातलेल्या मानेनेच, अगदी ओठांतल्या ओठांत पुतण्या पुटपुटला, "चुकलं, काका."

बाकावर ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी मात्र ते स्वच्छ उचललं आणि जसंच्या तसं काकांच्या कानात ठेवलं. उगाच माझं नाव खराब नको, म्हणून हे ठासून सांगतो.

काकांनी कात्री हवेत दोनदा वाजवली. "ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोल."

पुतण्याने मान वर करून आरशात पाहिलं. काका मिशीत हसत होते. मग तो बाकावरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "चुकलं, काका."

"आता आलं," काका म्हणाले आणि केस कापू लागले.

खुर्ची अजून त्यांचीच आहे. पुढे ते लेकीबरोबर डॉक्टरांकडे गेले, आणि आता त्यांच्या दोन्ही कानांत रीतसर यंत्रं असतात. ती माझ्यापेक्षा हुशार आहेत, हे मी मान्य करतो. माझी बॅटरी आता जेमतेम एका दाढीपुरती टिकते. पुतण्याने एकदा मला केराबरोबर सुपलीत भरलं होतं, तेव्हा काकांनी मला स्वतः बोटांनी वेचून काढलं आणि या बशीत ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपणारा माणूस मला मिळाला आहे. मी एवढंच बजावतो की कुणाच्या कानात माझ्यासारखं काही दिसलं, तर तो तुमचं ऐकत नाही असं परस्पर ठरवू नका. आधी त्याच्याशी बोला. आणि चूक तुमची असेल, तर पहिल्याच वेळी मोठ्याने बोला.