आमच्या घरचा फसलेला सिनेमा

मी संत तुकाराम नगरातल्या रंगरावांच्या भिंतीवरचा टीव्ही बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज थोडं माझं ऐका. बंद केलं तरी माझा एक बारका दिवा जळतच राहतो, त्यामुळे झोप अशी मला ठाऊक नाही.

गंमत म्हणजे माझ्यावर काय चाललंय ते मला दिसत नाही. मला दिसतात बघणाऱ्यांचे चेहरे.

रंगरावांची विजयश्री माझ्यासमोरच मोठी झाली. जपानी कार्टून लागलं की तिच्या ताटातलं जेवण गार व्हायचं. पुढे ती स्वतः चित्रं काढू लागली, त्याचा कोर्सही केला. यंदा मात्र तीन स्टुडिओंनी तिला नाकारलं. तिने वह्या माळ्यावर टाकल्या आणि वडिलांना म्हणाली, मला तुमच्या कंपनीत पॅकिंगला लावा. रंगराव चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासतात. त्यांनी शब्द टाकला, सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. पण घरात कुणी धड बोलेना. ती शांतता मला खायला उठायची.

त्यातच तिच्या लाडक्या कार्टूनवर खऱ्या माणसांचा सिनेमा आला. सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. विजयश्री म्हणाली, मी तर त्याचं तोंडही बघणार नाही. रंगरावांना यातलं काय कळणार? पोरीच्या आवडीचं दिसतंय, तिला बरं वाटेल, म्हणून रविवारी त्यांनी नेमका तोच लावला.

दहाव्या मिनिटाला ती स्वयंपाकघरातून डोकावली. विसाव्याला दारात उभी होती. तिसाव्याला माझ्यासमोर मांडी घालून बसली. कपाळाला आठ्या, पण नजर हलेना. लोक वाईट ठरलेला सिनेमाही का बघतात, ते मला तेव्हा उमगलं. ज्याला जीव लावला त्याचे कुणी कसे हाल केलेत, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आणि तसं बघताना मनातला खरा नायक जास्तच लख्ख दिसायला लागतो.

"सगळंच भंगार आहे, पप्पा," ती म्हणाली.

रंगरावांनी मला तिथेच थांबवलं. त्यांच्या कामात नुसतं खराब म्हणून भागत नाही. बाद नगाला लाल चिठ्ठी लावायची आणि दोष कुठे, किती, ते तिच्यावर लिहायचं.

"सगळंच असं काही नसतं. नेमकं कुठं चुकलंय ते सांग."

ती सांगू लागली, पण शब्द पुरेनात. शेवटी तिने कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि नायकाने तलवार खरी कशी धरायला हवी, ती मूठ काढून दाखवली. रंगरावांनी हळूच विचारलं, त्या स्टुडिओवाल्यांनी तुझ्या कामात काय दोष लिहिला होता?

"काहीच नाही. निवड झाली नाही, एवढंच."

"मग त्यांनी तपासलंच नाही म्हण."

त्यांनी पान उजेडात धरलं, डब्याच्या पिशवीतून लाल चिठ्ठी काढली आणि लिहिलं: डावा अंगठा आखूड, दोन मिलिमीटर. पोरगी आधी भडकली. मग स्वतःची मूठ वळून बघत बसली. मग तिने खोडरबर शोधलं.

सोमवारी ती कंपनीत गेली. पण संध्याकाळी हात धुवून पुन्हा माझ्यासमोर बसली, वह्या माळ्यावरून खाली आल्या. महिनाभर हेच चाललंय. थोडा सिनेमा, थोड्या शिव्या, एक चित्र, एक लाल चिठ्ठी. मनगट ताठ. खांदा वर. मला धाकधूक वाटते, पोरगी कंटाळेल का, म्हातारा फार ताणतोय का?

काल रंगरावांनी एक चित्र बराच वेळ उजेडात धरलं आणि पेन खिशाला लावलं.

"पप्पा, चिठ्ठी?"

"याला नाही लागत."

ती रडली आणि लगेच ते चित्र चौथ्या स्टुडिओला पाठवून मोकळी झाली. माझ्या पडद्यावर आता काळा डाग पसरतोय, विजयश्रीची आई शालनबाई नवा टीव्ही घेऊ म्हणते. जरूर घ्या. पण उत्तर यायचंय, आणि आमच्यात कुणाच्याच जिवाला थारा नाही. ते वाचताना पोरीचा चेहरा मला बघायचाय. तोवर तेवढं मला भिंतीवरून उतरवू नका.