पुढचं शून्य

मी मैलागाडी चालवतो. सत्तावीस वर्षं लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसतोय, तेव्हा घाणीचं मला काही सांगू नका. पण त्या आठवड्यात जी किळस आली ना, ती गाडीतल्या मालाची नव्हती.

सरकारनं वस्त्यांची नावं बंद केली आणि प्रत्येकीला, माळांना अन् ऑफिसांनासुद्धा, नंबर दिला. चिठ्ठीवर नंबर येणार, तिथं गाडी न्यायची. माझ्या लेकीच्या वस्तीचा नंबर शून्य सहा एक चार. तिथली टाकी तुंबली. मैला उंबरा ओलांडून घरात, आणि घरात माझी वीस दिवसांची नात. लेकीनं तक्रार केली. मला चिठ्ठी मिळाली, सहा एक चार. शून्य गायब!

सहा एक चार म्हणजे उघडा माळ. तिथं एक रखवालदार आणि त्याची पत्र्याची खोली.

"काय उपसणार, मामा?" तो हसला. "इथं संडासच नाही. मी झुडपामागं जातो."

"मग काही नव्हतं म्हणून सही दे."

त्यानं दिली. तासाभरात लेकीचा फोन. "बाबा, मेसेज आलाय, तुमची तक्रार दूर झाली म्हणे! मी इथं घोटाभर घाणीत उभी आहे. पोरीला टेबलावर निजवलंय."

तसाच ऑफिसात गेलो. कारकूनबाई हाताला वासाचं क्रीम चोळत होत्या.

"बाई, पुढचं शून्य राहिलंय."

"काका, पुढच्या शून्याला किंमत नसते. शाळेत शिकवलं नाही का?"

"चौथीपर्यंत शिकवलं. पण माझी लेक त्या शून्यामुळंच तिथं राहते, नाहीतर माळावर राहिली असती."

"चिठ्ठीचं मशीन पुढचं शून्य घेतच नाही हो. नवी तक्रार टाका."

टाकली. पुन्हा सहा एक चार. साहेबाकडे गेलो, तर मान वर न करता म्हणतो, "रेकॉर्डला तिथं सगळं स्वच्छ आहे." इतकं गुळगुळीत बोलला की मला मळमळलं. खरं सांगतो, टाकीत उतरूनही कधी मळमळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नातीच्या तोंडावर माश्या बसलेल्या पाहिल्या. चिठ्ठी गेली खड्ड्यात म्हटलं, पाइप टाकला आणि टाकी तळापर्यंत ओढली. भरली गाडी घेऊन मैला रिकामा करायच्या प्लांटवर गेलो. तिथला गेटवाला माझा जुना दोस्त, पण नोकरी त्यालाही प्यारी.

"मामा, नंबराशिवाय आत घेता येत नाही. माल कुठला लिहू? सहा एक चारला तर काही नव्हतं अशी सही आहे."

मग काय, गाडी ऑफिसला आणली आणि साहेबाच्या खिडकीखाली लावली. झाकण जरा सैल केलं आणि डबा उघडून जेवत बसलो.

चार घासांत साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर. "हटव ही गाडी!"

"कुठं हटवू, साहेब? नंबर द्या."

तो बाईंवर ओरडला. बाईंनी दहादा शून्य दाबलं, मशीननं दहादा गिळलं. शेवटी साहेबानं चिडून त्याला तोंडपाठ असलेला एकच नंबर टाकला, स्वतःच्या ऑफिसचा. मशीननं लगेच चिठ्ठी काढली.

गेटवाल्यानं ती दोनदा वाचली. "मामा, हा तर आपल्या ऑफिसचा नंबर. एवढी घाण तिथं निघाली?"

"ही नुसती वरवरची," मी म्हणालो. "चल, पाइप लाव."