चिमणाच्या नावाची पाटी

मित्रांनो, मी एक पितळी पाटी आहे. दाराशेजारी लागले तेव्हापासून मोजलं तर मी तुमच्याएवढीच असेन. पण अंगातलं पितळ तुमच्या आजीच्या वयाचं आहे. पाटी होण्याआधी मी बंब होते. कोल्हापुरातल्या चिमणाबाई नावाच्या माउलीनं रोज पहाटे माझ्या पोटात जाळ घालून अख्ख्या घराला अंघोळीचं पाणी पुरवलं. पुढं ती गेली, घरात गिझर आला आणि मी माळ्यावर जाऊन पडले.

चिमणाबाईंचे यजमान आण्णा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूत साचा बसवायचा आणि त्यात धातूचा तापलेला रस ओतायचा, यातच त्यांचा जन्म गेला. त्यांची एकुलती एक लेक राजनंदिनी कॉम्प्युटर शिकली आणि नोकरी न धरता कंत्राटावर कामं घेऊ लागली. मोठी गिऱ्हाइकं म्हणाली, तुमची कंपनी असेल तरच काम देऊ. तशा कंपनीला निदान दोन भागधारक लागतात.

"मग दुसरा मी की!" आण्णा म्हणाले. "निम्मं तुझं, निम्मं माझं. आणि नाव तुझ्या आईचं."

कंपनीचं नाव दाराबाहेर लावावंच लागतं, असं त्यांच्या सीए शबनूर मॅडमनी सांगितलं. झालं! आण्णांनी मला माळ्यावरून उतरवलं, फौंड्रीत नेलं आणि मुशीत घातलं. वितळताना दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण साच्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर दोन ओळी उठल्या होत्या. वर मोठ्या अक्षरांत 'चिमणा' आणि खाली 'सॉफ्टवेअर प्रायव्हेट लिमिटेड'. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दाराशेजारी आण्णांनी मला स्वतःच्या हातानं स्क्रू पिळून बसवलं.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दर खंडेनवमीला आण्णा चिंच आणि मीठ लावून मला घासायचे. मग राजनंदिनीचा लॅपटॉप, आण्णांची ओतकामाची हत्यारं आणि मी, अशी आमची पूजा व्हायची. जिन्यातून जाणाऱ्या पावण्याला थांबवून आण्णा सांगायचे, "आमची कंपनी हाय ही. मी भागीदार हाय." लेक आतून हसायची. मलाही हसू यायचं, पण अभिमानही वाटायचा.

मात्र कंत्राटाचं काम म्हणजे कधी तुपाशी, कधी उपाशी. मागच्या वर्षी कितीतरी महिने राजनंदिनीला कामच मिळालं नाही. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं तिला एप्रिलपासून कायमची नोकरी देऊ केली. अट एवढीच, की स्वतःची कंपनी बंद करून यायचं. फेब्रुवारीत शबनूर मॅडम घरी आल्या. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"कंपनीतले पैसे माझ्या खात्यावर वळवते आणि मोकळी होते," राजनंदिनी म्हणाली.

"अगं, असं करू नकोस बाई!" शबनूर मॅडम म्हणाल्या. "कंपनी तुमची असली तरी पैसा कंपनीचा. असाच उचललास तर आयकरवाले ते कर्ज धरतील आणि वर कर बसेल. आधी कंपनीचा कर आणि देणी भागवू. उरलेल्या नफ्याचा लाभांश काढू, तोही मार्चच्या आत. यंदा तुझं उत्पन्न कमी आहे. एप्रिलपासून पगार चालू झाला, की तोच पैसा कराच्या वरच्या टप्प्यात जाईल. आण्णांच्या निम्म्या वाट्यावर तर कर जवळजवळ नाहीच, त्यांची पेन्शन ती केवढीशी! मग खातं रिकामं करून कंपनीचं नाव काढून टाकायला अर्ज करू. मात्र खात्यात पैसा शिल्लक असला, तर कंपनी बंद होत नाही बघ."

सल्ला सोन्यासारखा होता. आण्णा उंबऱ्याशी बसून ऐकत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही; राजनंदिनीनं फक्त सही कुठं करायची ते दाखवलं. सही करून आण्णा बाहेर आले आणि माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये लाभांश निघाला. राजनंदिनी पुण्याला गेली. एप्रिलमध्ये खातं बंद करायला शबनूर मॅडम बँकेत गेल्या, तर कंपनीच्या खात्यात पैसा होता! आण्णांनी आपला सगळा वाटा गुपचूप परत भरला होता. पितळ उघडं पडलं ते त्यांचं, माझं नाही.

रविवारी लेक धावत आली. "आण्णा, असं का केलंत?"

"पैसा असला की बंद हुत न्हाय, म्हणली न्हवं का शबनूर?" आण्णा खाली बघत म्हणाले. "मग माझा वाटा असू दे की तितं. मला काय करायचाय? तुझी आई एकदा गेली, पोरी. आता कागदावरनं बी तिचं नाव काढाय लागलाय तुमी."

राजनंदिनी रडू लागली. "एकदा बोलायचं तरी होतं की मला!"

"इचारलं कुणी?" आण्णा म्हणाले. मग तिचे डोळे पुसत त्यांनीच समजूत घातली, "रडू नगंस. तुज्या नोकरीला माजी आडकाठी नगं. सांग शबनूरला, काय करायचं ते करा म्हणावं."

पैसे आण्णांच्या नावावर परत गेले आणि खातं बंद झालं. पुढं कंपनीही बंद झाली. त्या दिवशी आण्णांनी स्क्रू काढून मला भिंतीवरून उतरवलं आणि चिमणाबाईंच्या फोटोखाली ठेवलं. त्या पैशाला त्यांनी अजून हात लावलेला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला राजनंदिनीला रजा मिळाली नाही. तिनं फोनवरून पूजा बघितली.

"आण्णा, पाटी निम्मीच घासलीय तुम्ही. खालची ओळ काळीच आहे."

"निम्मीच माजी हाय की," आण्णा म्हणाले. "ऱ्हायलेली तुजी. आलीस की घास."

मित्रांनो, पैसा शहाणपणानं काढावा, कर वाचत असेल तर जरूर वाचवावा. त्यासाठी शबनूर मॅडमसारख्या जाणत्या माणसाला विचारावं. पण घरातल्या भागीदाराला काय वाटतं, हेही सहीआधी एकदा विचारा. त्याला फी पडत नाही. माझी वरची ओळ आण्णा अजून लख्ख ठेवतात. खालच्या ओळीसाठी दर रविवारी सकाळी वाटीत चिंच भिजवतात आणि संध्याकाळी टाकून देतात. राजनंदिनी अजून आलेली नाही.