बिनमहत्त्वाची पानं

बावन्न वर्षांची झाली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. ती चार वर्षांची असताना आई गेली. मागे एक फोटो राहिला, पण फोटो काही बोलतो का? आई बोलायची कशी, एवढंच धाकटीला हवं होतं, आणि ते सांगायला आता ना वडील होते ना मावशी.

उरलं होतं सरकार. वडील सरकारविरुद्ध पत्रकं छापायचे, म्हणून घरचा फोन दोन वर्षं चोरून ऐकला गेला. ऐकणारा शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. त्या जुन्या फायली आता घरच्यांना वाचायला मिळत होत्या.

दफ्तरखान्यातल्या बाईंनी फाईल टेबलावर आपटली. "दोन तास. फोटो काढायचा नाही."

पहिली वीस पानं काळीकुट्ट. वडिलांची ओळ न् ओळ शाईने झाकलेली. धाकटीचं अवसानच गळालं. या सरकारी मेल्यांना अजून कसली भीती!

एकविसाव्या पानावर शिक्का होता, 'बिनमहत्त्वाचे'. खाली आई मावशीला सांगत होती, 'अगं, धाकटीने माझी चप्पल बादलीत बुडवली. रागवायला गेले, तर मलाच हसू आवरेना. (बाई बराच वेळ हसतात.)'

धाकटीने ते पान चारदा वाचलं. महत्त्वाचं ते सगळं सरकारने झाकलं होतं आणि तिला हवं ते तेवढं उघडं ठेवलं होतं.

फोनवर कोणीतरी कान लावून बसलंय, हे आईला पक्कं ठाऊक होतं. दर वेळी ठेवताना ती त्यालाच विचारायची, 'काय हो भाऊ, जेवलात का?' एकदा त्याने पुढे लिहिलं, 'जेवलो.' साहेबाने लाल शाईने शेरा मारला, 'असल्या नोंदी करू नयेत.' पण पठ्ठ्या ऐकतोय कसला! दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आज उशीर झाला.'

शेवटची तीन पानं आई गेल्यानंतरची. वडिलांचं बोलणं काळं. प्रत्येक पानाच्या तळाशी ऐकणाऱ्याच्या त्याच वळणदार अक्षरात एक ओळ, 'आज कोणी विचारलं नाही.'

धाकटीचे डोळे भरून आले. चोरून ऐकणाऱ्याचे कसले आभार, असं वडील म्हणाले असते. म्हणोत बापडे. तिने त्या भाऊला मनापासून हात जोडले. त्याच्यामुळे आज तिची आई तिला भेटली होती.

दोन तास संपले. बाई घड्याळाकडे बघत फाईल न्यायला आल्या.

"काय हो ताई," धाकटीने विचारलं, "जेवलात का?"

बाई थबकल्या. "अजून नाही हो," त्या म्हणाल्या, आणि फाईल उचलायची तशीच राहिली.