बुडाची चिठ्ठी

"बाटलीत काय होतं ते आधी सांगा," डॉक्टरीणबाईंनी फोनवर दुसऱ्यांदा विचारलं आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

तिची लेक छकुली गॅलरीत फतकल मारून बसली होती. ओठांना पांढुरकं लागलेलं, मांडीवर बूच निघालेली बाटली. शेजारी तश्शीच दुसरी, बंद. एकीत झाडांच्या किडीवरचं औषध, दुसरीत तांदळाचं धुवण; दोन्ही दुधाळ. कोणती कशाची, हे कालपर्यंत कुणीही सांगितलं असतं. पण मैत्रिणी यायच्या म्हणून सुनेने काल घरभरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोलून काढल्या होत्या.

चिठ्ठ्या सासऱ्यांच्या. तीस वर्षं रंगाच्या कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेना. मिठाच्या बरणीवर 'मीठ', खाली 'बारीक'. सासूबाई म्हणायच्या, उद्या माझ्या कपाळावरही डकवतील, 'बायको, जुनी, जपून हाताळणे'. सून हसायची, पण पाहुण्यांपुढे तिला ओशाळं व्हायचं. लेकीच्या औषधाची मुदत तीन-तीनदा वाचणारी ती, आणि नेमकी इथेच माती खाल्ली.

तिच्या हाकेसरशी सासरे दाराशी आले.

"बाबा, यात धुवणच होतं ना? तुम्हीच भरलंत ना?"

"आठवणीवर जाऊ नकोस," ते म्हणाले. "बूड बघ."

तिने बाटली उलटी केली. उरलंसुरलं फरशीवर सांडलं. बुडाच्या खळग्यात, मेणाच्या थराखाली बारीक अक्षरं होती : 'तांदळाचे धुवण. गुलाबासाठी. रोज बदलणे.' खात्रीसाठी तिने दुसरीही फिरवली. 'फवारणीचे औषध. विष.' भांडारात डब्यांवरची चिठ्ठी रंगाच्या ओघळाने पुसली जायची, म्हणून ते दुसरी बुडाला लावत. घरातही लावतात, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

तिने फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज सैल झाला. फार तर पोट बिघडेल म्हणाल्या, पाणी पाजा, लक्ष ठेवा. सुनेच्या जिवात जीव आला. ओल्या फरशीवरच बसून तिने लेकीला कवटाळलं. लेकीला मात्र बाटली हवी होती. तिने भोकाड पसरलं.

"बाबा, चिठ्ठ्या मीच काढल्या," ती जरा वेळाने म्हणाली.

"पाहिलं मी काल."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझंही घर आहे, म्हटलं."

औषधाची बाटली त्यांनी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. चष्मा लावला, कागदाची पट्टी कापून घेतली. अलीकडे त्यांचा हात थरथरायचा. एकेका अक्षराला वेळ लागत होता. पेन आपण घ्यावं, असं सुनेच्या मनात येऊन गेलं. तिने घेतलं नाही. पट्टीची दोन्ही टोकं तिने बोटांनी दाबून धरली आणि शेवटचं अक्षर होईपर्यंत ती हलू दिली नाही.