एक्केचाळीस नंबरची रेघ

देविकाने डबी टेबलावर आपटली तसा दीनानाथांचा चहा बशीत हिंदकळला. डबीत चार दातांचा, राळेत ओतून काढलेला साचा होता.

"बाबा, हे दात हेल्दी आहेत का? हो की नाही, एवढंच सांगा."

दीनानाथांनी चष्मा कपाळावर सरकवला. बर्मिंगहॅममध्ये पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तोंडात डोकावून काढली होती. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी दात दिसला की त्यांचा हात अजून आरसा शोधायचा.

"कीड नाही. फिलिंग नको. आमच्या पेशंट्सपेक्षा लाख पटीने बरे."

"झालं! तुम्हीपण ट्रस्टवाल्यांचंच बोला."

*सांगाडा: ४१. स्त्री. मृत्यूसमयी वय: सुमारे तीस. कीड: नाही.*

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावर समुद्राने किनारा खाल्ला आणि हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी उघडी पडली. हाडं तपासायला देविकाच्या युनिव्हर्सिटीत आली. बेटावरच्या ट्रस्टला मात्र प्रदर्शनाची घाई. मुख्य फलकावर त्यांनी लिहिलं, 'समुद्राने पोसलेली धट्टीकट्टी माणसं'. देविकाने ते तीनदा खोडलं, तीनदा ते परत आलं. आज पाच वाजता फलक छापायला जायचा होता. अडून बसली तर उरलेले साठ सांगाडे दुसरीकडे जातील, हे त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

साडेचार वाजले होते.

"मग हो म्हण नि मोकळी हो," दीनानाथ म्हणाले. "हजार वर्षांपूर्वीची बाई. तिला काय फरक पडतो?"

"मला पडतो. नीट बघा ना. हिरडीजवळ. नख फिरवा."

त्यांनी नख फिरवलं नाही. "साच्यात बुडबुडा राहिला असेल."

"चार दातांवर, एकाच उंचीला? बाबा, प्लीज. हे तुम्हीच मला शिकवलंय."

ते बशी पुसायला लागले. कोरडी झाली तरी पुसत राहिले.

*रेघा: चार दातांवर. इनॅमलची वाढ थांबली तेव्हाचं वय: सुमारे तीन वर्षं. कारण:*

"तिसऱ्या वर्षी एकतर ही उपाशी होती, नाहीतर भयंकर आजारी," देविका म्हणाली. "आणि आपण लिहायचं धट्टीकट्टी! तिच्याकडे कुणी बघितलं नाही तेव्हा. अजूनही कुणी बघत नाहीये."

"टायफॉइडमध्येपण येते अशी रेघ." दीनानाथांचा आवाज चढला. "आणि बघितलं नाही असं कशावरून? मेलेल्या पोरीच्या दातावर ही रेघ नसते. हिरडीआड घडणारा पक्का दात पुन्हा वाढायला लागला तरच ती मागे राहते. पोर वाचली, देवू. कुणीतरी पंधरा-पंधरा दिवस उशाशी बसलं, म्हणून वाचली."

"टायफॉइड कुठून आला? मी तर नावही घेतलं नाही."

"उदाहरण दिलं."

"आणि आईबाप कुठे होते तिचे?"

"लांब असतील." त्यांनी बशी कपाखाली ठेवली. "परीक्षा—" म्हणाले आणि थांबले. "नाइलाज असेल."

देविका साच्याकडे बघत राहिली. ती स्वतः तीन वर्षांची असताना आईबाबा इंग्लंडमध्ये परीक्षा देत होते आणि ती मिरजेला मावशीकडे होती. मजेत होतीस, आंबे खाऊन गुटगुटीत झाली होतीस, असं घरात सांगायचे. त्या वर्षाचा एकही फोटो नव्हता. समोरच्या दातांना दर तीन-चार वर्षांनी 'जरा पॉलिश' लागायचं, ते बाबाच करायचे. दुसऱ्या डेंटिस्टकडे त्यांनी तिला कधी जाऊ दिलं नव्हतं. ते रिटायर झाले, नवीन डेंटिस्टची वेटिंग लिस्ट हलेना. गेला आठवडाभर जिभेला काहीतरी खरखरत होतं.

तिने वरचा ओठ उचलला. हिरडीजवळ नख फिरवलं.

नख अडकलं. पॉलिशच्या नावाखाली बाबा भरत आलेला थर झिजला होता. एक्केचाळीस नंबरच्या दातांवर ज्या उंचीला अडकायचं, त्याच उंचीला.

दीनानाथ खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा डस्टबिन पाहत होते.

फोन वाजला. ट्रस्टचा मेसेज: फायनल करू ना? देविकाने फलकाचा मजकूर उघडला, 'धट्टीकट्टी' चौथ्यांदा खोडलं, आणि सावकाश टाइप केलं: *ही बाई तीन वर्षांची असताना मरणाच्या दारात होती. तिथून ती परत आली.* त्याखाली लिहिलं, हे नको असेल तर माझं नाव काढा. पाठवून दिलं.

मग तिने स्क्रीन बाबांसमोर धरला. त्यांनी दोनदा वाचलं.

"कुणीतरी उशाशी होतं, तेही टाक."

"तसा रकाना नाही, बाबा. पुरावा लागतो."

मग चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"मिरजेला लाव," ते म्हणाले. "मावशी जागी असेल अजून."