वनांग्वाची तिसरी शाळा

दुसऱ्या शाळेचं पत्रही पहिल्यासारखंच आलं. मुलगा हुशार आहे, गणित चांगलं आहे, पण बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही. काही विचारलं की मान खाली घालतो. आत्मविश्वास कमी पडतो, म्हणून प्रवेश देता येत नाही. वनांग्वाच्या बापाने, खुंबोने, ते आपल्या आईला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

न्यामुंथाली न्सिमाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, घास हातात वळत ऐकत होती. पोराला मान खाली घालायला तिनेच शिकवलं होतं. खुंबो आणि त्याची बायको तिवोंगे नोकरीसाठी देश सोडून गाबोरोन शहरात आले तेव्हा वनांग्वा दोन वर्षांचा होता. त्याला तिच्या ओटीत टाकून ते आले, आणि पुढची पाच वर्षं तो म्झिंबाकडच्या गावात तिच्या हाताखाली वाढला. आता शाळेसाठी ती त्याला इकडे घेऊन आली होती. वडीलधाऱ्याला काही द्यायचं ते गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. बोलताना नजर जमिनीवर. एकदा गावच्या प्रमुखाकडे तो टक लावून बघत राहिला, तेव्हा तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

"सासरी निघालेल्या मुलीसारखं वाढवलंत तुम्ही त्याला, आई," तिवोंगे म्हणाली.

"आणि तू सासूच्या तोंडाकडे बघून बोलतेस. तुला इथली शाळा चांगली मानवली."

तिवोंगे हसली, पण खुंबो हसला नाही. आता टेकडीखालची तिसरी शाळा तेवढी उरली होती, आणि तिथली मुलाखत शुक्रवारी होती. तिथेही जमलं नाही तर पोरगा आजीबरोबर गावी परत जाणार, असं ठरलं होतं. रविवारच्या बसचं तिचं तिकीट काढून झालं होतं. त्याचं काढायचं की नाही, ते शुक्रवारी कळणार होतं. दोन्ही पत्रं आली तेव्हा म्हातारी मनातून सुखावली होती, हे देवाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर खुंबो तिच्यासमोर चटईवर येऊन बसला.

"मी सांगितलं की तो आणखीच खाली बघतो. तुझंच ऐकतो तो, आई. तूच शिकव."

हे सगळं तो चटईकडे बघून बोलला. चाळिशीचा, कचेरीत वीस माणसं हाताखाली असलेला तिचा मुलगा. तिला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर तिने पोराला समोर बसवलं आणि आपल्या डोळ्यांत बघायला सांगितलं.

"तू मारशील."

"नाही मारणार."

त्याने बघितलं, पण नजर लगेच घसरून तिच्या पावलांवर आली. पुन्हा बघितलं, पुन्हा घसरली. मग तिने त्याची हनुवटी धरली.

"माझ्या डोळ्यांत काय दिसतं?"

"मी दिसतो. छोटा."

"मग मला नको बघू. त्यालाच बघ."

तीन दिवस ते असेच बसत होते. तिसऱ्या दिवशी तो बराच वेळ एकटक बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, तुझ्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका आहे." ठिपका दोन वर्षांपासून होता. त्याने तो कधी बघितलाच नव्हता.

शुक्रवारी त्याला शाळेत घेतलं. संध्याकाळी खुंबोने भाजलेली कोंबडी आणली. न्यामुंथालीने रीतीप्रमाणे हलक्या हाताने टाळ्या वाजवून आभार मानले, आणि मांडीचा तुकडा पोराच्या ताटात टाकला.

रविवारी बसस्थानकात सिमेंटवर गर्दी होती. तरी खुंबोने चारचौघांत, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, गुडघा टेकून आईचा निरोप घेतला. वनांग्वा मात्र ताठ उभा राहिला. त्याने एक हात पुढे केला आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. शिकवल्याप्रमाणे, जराही न घसरता.

"नीट जा, आजी," तो म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून जरा जवळ आला. "आजी, मी दिसत नाही. नुसतं पाणी आहे."

आजोबांना मातीत ठेवलं तेव्हा तो तिच्याजवळ उभा होता. मका जळाला त्या साली रोज चुलीपाशी बसायचा. तिचं रडणं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"बाळा, आता मान खाली घाल," ती म्हणाली.

त्याने लगेच घातली. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. बस हलली तेव्हा खुंबो आणि तिवोंगे हात हलवत होते. पोरगा अजून जमिनीकडेच बघत होता. मान वर कर, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काच उघडेना. बस वळेपर्यंत तिला त्याची टाळू तेवढी दिसत राहिली.